पाहणे आणि शिकणे : वर्गातल्या आभासी वास्तवाची जुनी पूर्वपीठिका

भारतीय शाळांत आभासी वास्तव येत असल्याच्या वार्ता आता नव्या राहिलेल्या नाहीत. ग्रामीण शाळांतील मधल्या इयत्तांसाठी या तंत्रावर आधारित शिक्षणसाहित्य तयार करण्याचा प्रकल्प आयआयटी मद्रासच्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी जाहीर केला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२० मध्ये संवर्धित वास्तवाच्या प्रशिक्षणासाठी फेसबुकशी सहकार्य केले. अनेक खासगी आणि काही सरकारी शाळांत अशा प्रयोगशाळांची उद्घाटने झाली. या वार्तांसोबतचे छायाचित्र बहुधा ठरलेले असते : डोळ्यांवर जाड यंत्र बांधलेली मुले, आश्चर्याने उघडे राहिलेले तोंड, हवेत काहीतरी पकडू पाहणारे हात. यंत्र उतरवल्यानंतर वर्गात काय घडले, हे मात्र त्या छायाचित्रात कधीच दिसत नाही.

विज्ञानशिक्षणाचा इतिहास नेमका या न दिसणाऱ्या भागावर प्रकाश टाकतो. दूरचे जग वर्गात आणून दाखवणारी यंत्रे गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा आली आणि बहुतेकांचे स्वागत याच आश्चर्याने झाले. त्यांतून मुले किती शिकली, हे यंत्राच्या करामतीपेक्षा त्याच्या भोवतीच्या व्यवस्थेवर अवलंबून राहिले.

दोन डोळे, दोन चित्रे

आभासी वास्तवाचे मूळ तत्त्व संगणकाहून पुष्कळ जुने आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत सुमारे सहा सेंटिमीटरचे अंतर असते. त्यामुळे समोरच्या वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रे मेंदूकडे जातात आणि त्या फरकातून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे तत्त्व आरशांच्या साध्या उपकरणाने सिद्ध करून दाखवले. दोन सपाट रेखाचित्रे दोन डोळ्यांना वेगवेगळी दाखवली, की पाहणाऱ्याला एकच घन आकृती दिसते. या उपकरणाला त्यांनी स्टिरिओस्कोप असे नाव दिले. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप बनवला, छायाचित्रणाची त्याला जोड मिळाली आणि १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनानंतर हे उपकरण घरोघरी पोहोचले.

अमेरिकेतील कीस्टोन व्ह्यू कंपनीने पुढे खास शाळांसाठी अशा चित्रांचे संच विकले. भूगोलाच्या पुस्तकातील नदी किंवा पर्वत विद्यार्थ्याला 'तिथे उभे राहून' पाहता येईल, असा या उद्योगाचा दावा होता. आजच्या जाहिरातींतही जवळपास हेच वाक्य आढळते.

या इतिहासात भारताचे स्थान काहीसे विचित्र आहे. अमेरिकेतील अंडरवुड अँड अंडरवुड कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी भारताच्या स्टिरिओ छायाचित्रांचा शंभर चित्रांचा संच काढला. तो तयार करणारे जेम्स रिकाल्टन हे पूर्वाश्रमीचे शाळाशिक्षक होते. संचासोबत त्यांनी लिहिलेले मार्गदर्शक पुस्तक आणि नकाशे असत. कोणत्या जागी, कोणत्या दिशेला तोंड करून पाहणारा उभा आहे, हे नकाशावरून कळे. रिकाल्टन यांच्यातील शिक्षक येथे दिसतो : चित्रासोबत नकाशा नसेल, तर त्या दृश्याचे ज्ञान होत नाही, हे त्यांनी ओळखले होते. मात्र या 'आभासी भारता'चा ग्राहक मुख्यतः पाश्चात्त्य दिवाणखान्यात बसलेला होता. भारत त्या चित्रांत दृश्य म्हणून होता, द्रष्टा म्हणून नव्हे. वर्गात दिसणारे जग कोण तयार करतो आणि कोणासाठी तयार करतो, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

कंदील आणि वाटाणा

भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत दृश्य साधन पोहोचवण्याचे प्रयत्न याच सुमारास वेगळ्या मार्गाने चालू होते. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर यूजीन लाफाँ सार्वजनिक विज्ञानव्याख्यानांत जादूचा कंदील आणि प्रत्यक्ष प्रयोग यांचा वापर करीत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये स्थापन केलेल्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. पडद्यावरचे चित्र आणि टेबलावरचे उपकरण त्यांच्या व्याख्यानांत एकमेकांच्या शेजारी असे. आकाशाची कल्पना चित्र देई. प्रकाशाचे वर्तन प्रत्यक्ष प्रयोग दाखवी.

दादासाहेब फाळके यांचा एक लघुपट या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यानंतर, 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे करण्यापूर्वी, त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि तो रुजून वेल होईपर्यंत ठरावीक अंतराने त्याची चित्रे टिपली. महिनाभराहून अधिक काळ चाललेली वाढ पडद्यावर काही क्षणांत उलगडली. हा लघुपट शाळेसाठी काढलेला नव्हता. भांडवलदारांना चलच्चित्राची ताकद पटवून देणे हा त्याचा हेतू होता. तरी शैक्षणिक दृश्यसाधनाचे खरे काम कोणते, हे त्यातून स्पष्ट होते. डोळ्याला एरवी जे दिसूच शकत नाही, ते दाखवणे हे ते काम. अतिमंद, अतिवेगवान, अतिसूक्ष्म, अतिविशाल, अतिदूर किंवा धोकादायक गोष्टी वर्गात आणण्यासाठी दृश्यसाधनाची गरज असते. कुंडीतला वाटाणा पाहायला कॅमेरा लागत नाही. त्याची महिनाभराची हालचाल एका दृष्टिक्षेपात पाहायला लागतो.

गावात उतरलेला उपग्रह

दृश्यसाधनाचा देशव्यापी प्रयोग भारताने १९७५ मध्ये केला. विक्रम साराभाई यांच्या दूरदृष्टीतून १९६९ मध्ये अणुऊर्जा विभाग आणि नासा यांच्यात करार झाला होता. १९७१ च्या अखेरीस साराभाई यांचे निधन झाले, परंतु योजना पुढे गेली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत दूरचित्रवाणीचे कार्यक्रम थेट उतरले. 'साइट' या लघुनावाने हा प्रयोग ओळखला जातो. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे नेतृत्व यशपाल यांच्याकडे होते आणि साइटचे कार्यक्रम व्यवस्थापक होते एकनाथ चिटणीस.

साइटचे यंत्रविज्ञान प्रसिद्ध आहे : गावातील छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशा जाळीची सुमारे तीन मीटर व्यासाची अँटेना आणि तिला जोडलेला संच. त्याहून कमी चर्चा झालेली बाजू शिक्षणाच्या दृष्टीने मोलाची आहे. सकाळचा दीड तास ५ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी राखलेला होता. कार्यक्रम हिंदी, तेलुगू, कन्नड आणि ओडिया या भाषांत होते. एका चित्रवाहिनीसोबत दोन ध्वनिवाहिन्यांची सोय असल्याने तेच चित्र एकाच वेळी दोन भाषांत ऐकवता येत असे. प्राथमिक शाळांतील सुमारे ५० हजार शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण याच वर्षी देण्यात आले. त्यात दूरचित्रवाणीसोबत नभोवाणी, छापील साहित्य, हाताने करायच्या कृती आणि चर्चा यांची सांगड होती.

प्रयोगाचा परिणाम तपासण्यासाठी समाजशास्त्रज्ञांचा स्वतंत्र गट होता. काही अभ्यासक दीर्घकाळ गावांतच राहिले. मुलांविषयीचे निष्कर्ष उत्साह वाढवणारे तसे सावध करणारेही होते. भाषाविकासात आणि नव्या गोष्टी जाणून घेण्याच्या वृत्तीत वाढ दिसली. शालेय विषयांतील यशात मात्र ठळक फरक आढळला नाही. पडद्याने कुतूहल जागवले, पण त्या कुतूहलाला संकल्पनेचे रूप देण्याचे काम तो एकट्याने करू शकला नाही.

३१ जुलै १९७६ रोजी करारानुसार प्रक्षेपण थांबले आणि उपग्रह अन्य कामासाठी हलवला गेला. साइटने देशाला उपग्रह दळणवळणाचा अनुभव दिला आणि पुढच्या इन्सॅट मालिकेचा पाया घातला. परंतु त्या वर्षी सकाळच्या कार्यक्रमांची सवय झालेल्या शाळकरी मुलांच्या दृष्टीने हकीकत वेगळी होती. त्यांच्या गावातील खिडकी दुसऱ्या कोणाच्या मालकीची होती आणि ती ठरल्या दिवशी बंद झाली.

पडद्याविना विज्ञान

साइटची तयारी चालू असतानाच मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात नेमका उलट दिशेचा प्रयोग आकार घेत होता. किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १९७२ मध्ये १६ माध्यमिक शाळांत विज्ञानशिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील आणि दिल्ली विद्यापीठातील शास्त्रज्ञ त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये तो संपूर्ण जिल्ह्यात पसरला आणि १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने पुढे त्याची धुरा वाहिली.

येथे दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते. स्वस्त साहित्याचा संच, 'बाल वैज्ञानिक' ही कार्यपुस्तिका आणि गटात बसून प्रयोग करणारी मुले, एवढेच. पाने, बिया, भिंगे, तराजू यांच्या आधारे मुले निरीक्षणे नोंदवीत आणि निष्कर्षावर वाद घालीत. परीक्षेत पुस्तक उघडे ठेवण्याची मुभा होती आणि प्रात्यक्षिकाला गुण होते. शिक्षकांचे प्रशिक्षण वर्षानुवर्षे चालू राहिले. शिक्षकांच्या मासिक बैठकांत वर्गातील अडचणींवर चर्चा होई. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला, तेव्हा तो अनेक जिल्ह्यांतील शेकडो शाळांत चालू होता.

या दोन प्रयोगांची तुलना नेहमी यंत्र विरुद्ध हात अशी केली जाते. ती पुरेशी नाही. होशंगाबादच्या वर्गात मूल पानाच्या शिरा स्वतः पाहू शके, पण पेशीच्या आत शिरू शकत नसे. साइटच्या पडद्यावर मूल दूरचे जग पाहू शके, पण पडद्याला प्रश्न विचारू शकत नसे. एकाची मर्यादा दुसऱ्याच्या बळाजवळ संपत होती. दोन्ही प्रयोगांशी नाते असलेले यशपाल १९९३ च्या 'ओझ्याविना शिक्षण' या अहवालाच्या समितीचे अध्यक्ष होते. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचे ओझे अधिक जड असते, हा त्या अहवालाचा गाभा होता. वर्गात येणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्राला लावावी अशी ही कसोटी आहे.

बंद पडणाऱ्या खिडक्या

२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोटा येथून 'एज्युसॅट'चे प्रक्षेपण झाले. केवळ शिक्षणासाठी वाहिलेला हा भारताचा उपग्रह २०१० पर्यंत सेवेत होता. आता खिडकी स्वतःची होती, तरी जुना प्रश्न उरला. उपग्रह आकाशात वेळेवर पोहोचला, पण जमिनीवरील केंद्रे, त्यांची देखभाल आणि दाखवण्याजोगा आशय त्याच वेगाने तयार झाला नाही. महालेखापरीक्षकांच्या अहवालानेही पुढे या उणिवांवर बोट ठेवले.

तोवर आभासी वास्तव प्रयोगशाळेतून बाहेर पडू लागले होते. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर चढवायचा पहिला संगणकीय पडदा बनवला. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे. व्हीटस्टन यांच्या तत्त्वात त्यांनी एका गोष्टीची भर घातली : डोके वळले की दृश्यही त्यानुसार बदलते. पाहणारा चित्राकडे पाहत नाही, चित्राच्या आत उभा असतो, ही अनुभूती येथून सुरू झाली. डोके वळणे आणि दृश्य बदलणे यांत सेकंदाच्या काही शतांशांहून अधिक विलंब झाला, तर डोळा आणि अंतर्कर्ण यांचे संदेश जुळत नाहीत आणि मळमळ होते. ही अडचण बऱ्याच अंशी सुटायला पुढची चार-साडेचार दशके जावी लागली.

२०१४ मध्ये गूगलने पुठ्ठ्याच्या खोक्यात मोबाइल बसवून हा अनुभव स्वस्त केला आणि २०१५ मध्ये शाळांसाठी 'एक्स्पिडिशन्स' ही सेवा जाहीर केली. शिक्षकाच्या हातातील टॅबवरून संपूर्ण वर्गाला एकाच वेळी प्रवाळभित्तीत किंवा मंगळावर नेण्याची सोय तीत होती. शिक्षणाच्या दृष्टीने ती विचारपूर्वक रचलेली होती, कारण सूत्रे शिक्षकाकडे होती. २०२१ मध्ये कंपनीने ती सेवा बंद केली. तिच्यावर आपल्या तासिका बेतलेल्या जगभरच्या शिक्षकांना, एटीएस-६ हलवला गेला तेव्हा साइटच्या गावांनी घेतला होता तसाच अनुभव आला. पुठ्ठ्याचे खोके हाती उरले, सूत्रे गेली.

मोजमाप काय सांगते

आभासी वास्तवाने शिकणे सुधारते का, याची उत्तरे आता प्रयोगांतून मिळू लागली आहेत. गिडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठातील विद्यार्थ्यांना विज्ञान प्रयोगशाळेचे तेच आभासी प्रात्यक्षिक दोन प्रकारे दिले : एकदा संगणकाच्या साध्या पडद्यावर आणि एकदा हेडसेटमध्ये. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हेडसेट वापरताना 'आपण तिथेच आहोत' ही भावना अधिक तीव्र होती, परंतु शिकणे कमी झाले. मेंदूतील विद्युत्-तरंगांच्या नोंदींवरून बौद्धिक भार वाढल्याचे दिसले. कार्यकारी स्मृतीची क्षमता मर्यादित असते. भोवतालच्या दृश्याकडे पाहण्यातच ती खर्च झाली, तर संकल्पनेची जुळणी करायला फारसे काही उरत नाही.

जोसेलिन पॅराँग आणि रिचर्ड मेयर यांचा २०१८ चा अभ्यास याच्या पुढचे पाऊल टाकतो. जीवशास्त्राचा एक धडा काहींना हेडसेटमधून आणि काहींना साध्या चित्रपट्टिकांतून शिकवला गेला. हेडसेटच्या गटाची गोडी अधिक होती, गुण मात्र चित्रपट्टिकांच्या गटाचे अधिक होते. मग संशोधकांनी एक लहान बदल केला : हेडसेटमधील धड्याचे भाग पाडले आणि प्रत्येक भागानंतर विद्यार्थ्यांना त्याचा सारांश लिहायला लावला. या बदलाने हेडसेटमधून शिकणाऱ्यांची समज सुधारली आणि गोडीही टिकून राहिली.

यंत्रात कोणतीही सुधारणा न करता, केवळ थांबून लिहिल्याने फरक पडला. रिकाल्टन यांचा नकाशा, लाफाँ यांच्या टेबलावरचे उपकरण, साइटच्या प्रशिक्षणातील चर्चा आणि होशंगाबादच्या मुलांची निरीक्षणवही यांचे कार्य हेच होते. दृश्याला विचारात रूपांतरित करणारी कृती त्यांनी पुरवली. साइटच्या वेळी जे अंदाजाने कळले होते, ते या अभ्यासांनी मोजून दाखवले.

आजचा पेच

म्हणून आभासी वास्तवाला शाळेची दारे बंद करावीत, असा निष्कर्ष निघत नाही. चंद्राच्या कला हा भारतीय वर्गात हमखास चुकीचा समजला जाणारा भाग आहे. पृथ्वीची सावली पडल्याने कला दिसतात, असे पुष्कळ विद्यार्थी पदवीपर्यंत मानतात. पृथ्वी, चंद्र आणि सूर्य यांच्याकडे बाहेरून पाहण्याची संधी हेडसेट देऊ शकतो, जी कोणत्याही छपरावरून मिळत नाही. रेणूंची त्रिमित रचना, हृदयातील झडपांची हालचाल, ज्वालामुखीचे अंतरंग यांनाही हेच लागू होते. पण चंद्रासाठी हेडसेटमधील दहा मिनिटांनंतर अंधाऱ्या खोलीतला दिवा आणि हातातला चेंडू लागतोच. मुलाने चेंडू स्वतःभोवती फिरवून त्याचा उजळ भाग वहीत काढला पाहिजे आणि मग पुढच्या पंधरवड्यात आकाशातला चंद्र त्या रेखाटनाशी ताडून पाहिला पाहिजे. फाळके यांच्या वाटाण्याइतकेच हे खरे आहे : जे एरवी दिसत नाही तेवढ्यासाठी यंत्र, बाकीच्यासाठी हात, वही आणि आकाश.

या निवडीमागे सार्वजनिक पैशाचा प्रश्नही आहे. यूडायस प्लसच्या २०२३-२४ च्या आकडेवारीनुसार देशात सुमारे १४ लाख ७० हजार शाळा आहेत. त्यांपैकी संगणक असलेल्या शाळा त्या वर्षी ५७ टक्के आणि इंटरनेट असलेल्या सुमारे ५४ टक्के होत्या. अशा देशात प्रत्येक हेडसेटमागे कुठेतरी न झालेली दुसरी खरेदी असते. वयाची मर्यादाही आहे. अनेक उत्पादक १३ वर्षांखालील मुलांसाठी हेडसेटची शिफारस करीत नसत. मेटा कंपनीने २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीच्या अटीवर ही मर्यादा १० पर्यंत खाली आणली. म्हणजे प्राथमिक शाळेचा बहुतांश भाग या साधनाच्या बाहेरच राहतो.

विनामूल्य पर्यायही उपलब्ध आहेत. अमृता विद्यापीठ आणि मुंबईचे सी-डॅक यांनी नववी ते बारावीसाठी तयार केलेले 'ओलॅब्ज' हे आभासी प्रयोग साध्या संगणकावर चालतात. माक्रान्स्की यांच्या निष्कर्षांच्या प्रकाशात साधा पडदा हा कमीपणा मानण्याचे कारण उरत नाही.

उद्या एखाद्या जिल्ह्यात हेडसेटची खरेदी होणार असेल, तर तिच्या कागदपत्रांत चार प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असावीत. आशय मुलांच्या भाषेत आहे का? साइटने ते पन्नास वर्षांपूर्वी एका चित्रावर दोन ध्वनी चढवून साधले होते. कंपनीने सेवा बंद केली, तर आशय शाळेकडे राहील का? यंत्र बिघडल्यावर किती दिवसांत आणि कोण दुरुस्त करील? आणि यंत्र डोळ्यांवरून उतरवल्यानंतरच्या वीस मिनिटांत शिक्षक काय करणार आहे व त्यासाठी त्याचे प्रशिक्षण झाले आहे का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे पुरवठादार देऊ शकेल. चौथ्याचे उत्तर शाळेलाच शोधावे लागेल, आणि आजवर या यंत्रांचे यश त्याच उत्तरावर ठरत आले आहे.